जावेच्या वाटणीच्या गोळ्या

परवा आयुर्वेदिक औषधांच्या दुकानदारानं अश्वगंधेची बरणी उघडली आणि त्या उग्र, मातकट वासासरशी मानवतची एक बाई आठवली. परभणीत आम्ही झोप आणि मनाच्या तक्रारींवर त्याच मुळीच्या गोळ्यांची रुग्णांवर चाचणी घेत होतो, त्यासाठी ती यायची. एकदा तिची डबी मुदतीआधीच रिकामी निघाली. जास्त घेतल्या की काय म्हणून मी घाबरून विचारलं, तर पदर सावरत म्हणाली, “अर्ध्या जावेला दिल्या, मॅडम. तिचे मालक वारल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत न्हाई. तिच्याशेजारी मी एकटीच कशी झोपू?” “मग आता लागते झोप?” “न्हाई. पण दोघी बोलत पडतो. लय हलकं वाटायलंय.” नियमाप्रमाणे तिला चाचणीतून वगळावं लागलं. इकडे दुकानदार विचारत होता, “झोपेसाठी देऊ का, ताई?” माझ्या तोंडून निघून गेलं, “एकटीला काय गुण येणार!”