बाबांनी फेकलेली पुडी

मोरा बंदरातून मुंबईची लाँच सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पत्र्याची ट्रंक होती आणि धक्क्यावर मला निरोप द्यायला कुणी नव्हतं. आई मी पाच वर्षांचा असतानाच गेलेली. घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा त्या वेळी उरणच्या मिठागरावर होते, मुद्दामच. सकाळी एवढंच म्हणाले होते, "सावल्या धरून कुनाचा पोट भरलाय? जा, जायाचाच हाय त जा."

दोष मिठागराच्या शेटचा. त्यानं मिठाच्या राशींचे फोटो काढायला मुंबईहून फोटोग्राफर आणला होता. फोटोग्राफरनं गंमत म्हणून मला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालू दिलं. आतल्या काचेवर आमचं मिठागर उलटं लटकत होतं, आणि राशीशेजारी बाबाही, पाय वर करून. रोजच्या त्या माणसाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथून पुढे माझं मिठात लक्ष लागेना.

गिरगावातल्या एका स्टुडिओत दोन वर्षं झाडू मारला, काचा धुतल्या. झोपायचो तिथंच, रंगवलेल्या बागेच्या पडद्यापुढे. दिवसभर गिऱ्हाइकं त्या बागेत हसून जायची. संध्याकाळी कुलूप लागलं की बागेत मी एकटा. तुमच्यापैकी ज्यांनी गाव सोडलं त्यांनी आपापली अशी बाग पाहिली असेलच. जे मागे राहिले त्यांना ती कशी सांगू?

शिमग्याला स्टुडिओच्या मालकांचा बॉक्स कॅमेरा मागून घेतला आणि घरी गेलो. सोबत दोन पुड्या. एक चित्र उमटवायची, दुसरी ते पक्कं करायची. तिला हायपो म्हणतात. मी करतो तेही काम आहे, एवढंच बाबांना दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधावर, राशीशेजारी उभं करून त्यांचा फोटो काढला. दुपारी भाताच्या अंधाऱ्या खोलीत, कंदिलाला लाल कागद लावून, फिल्म धुवायला बसलो. बाबा शेजारी उकिडवे. परातीत हळूहळू माणूस उमटला.

"अरं, यो त मी!"

मी हायपोसाठी हात घातला, तर पुडी जागेवर नाही. बाबांना विचारलं.

"ती पांढऱ्या खड्यांची? सकाली चाखली मी. कडू मीठ! चुकून राशीत पडला त रास नासंल, म्हनून खाडीत टाकला."

मिठागरावर जन्म काढलेला माणूस दुसरं काय करणार! पण आता उजेड लागला की तो चेहरा काळा पडून जाणार होता. मला रडूच फुटलं, दोन वर्षांचं सगळं. मी फिल्म झाकून ठेवली. बाबा बाहेर गेले आणि जिथं मीठ धरतं तिथलं दाट खारं पाणी कळशीभर घेऊन आले.

"ह्यात ठेव. मीठ बोंबील राखतं, कैरी राखतं. बापाला न्हाय राखनार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म बाहेर काढून आभाळापुढे धरली. धुरकट होती, पण टिकली होती. निगेटिव्हमध्ये बाबांचं रापलेलं तोंड गोरंपान आणि मिठाची रास कोळशासारखी. "मीठ काला केलास माझा!" म्हणत ते पोट धरून हसले. पुढे स्टुडिओच्या मालकांनी सांगितलं, फार पूर्वी लोक मिठानंच फोटो टिकवायचे.

या खेपेला बाबा धक्क्यावर आले. हातात फडक्यात बांधलेलं शेरभर मीठ. "ने. कामाला लागंल तुझ्या." मुंबईत हायपो हवा तेवढा मिळतो, हे मी सांगितलं नाही. माझ्या कामाला ते काम म्हणाले होते.

पुढच्याच पावसाळ्यात बाबा गेले. लाँच बंद होती. रस्त्यानं पनवेलवरून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचा दुसरा फोटो नाही.

आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. डार्करूममध्ये हायपोशेजारी ते मीठ बरणीत आहे, त्यातला खडाही मी वापरलेला नाही. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, दिवाळीनंतर पुन्हा दाणा धरतो. गावी मिठागरं तेव्हाच सुरू होतात. तिथं आता घराला कुलूप आहे, वाट बघणारं कुणी नाही. कुणी घर कुठं म्हणून विचारलं, तर मी उरण सांगतो आणि बघतो त्या बरणीकडे.