टेलवरची क्वेरी

आधी माफी मागतो. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. आठवणी लिहिणं हे मोठ्या माणसांचं काम, आणि माझ्या आठवणी त्याही कॉम्प्युटरच्या. कोणी मला लिहायला सांगितलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण ज्या गोष्टीसाठी मी अडून बसलो, तिच्याबद्दल माफी मागत नाही.

आमच्या लॅबमध्ये जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडून एक मोठा डेटाबेस उभा केला होता. माहिती सगळ्या मशीनवर वाटून ठेवलेली. आपण क्वेरी लावायची, म्हणजे प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नाचे तुकडे होतात, प्रत्येक मशीन आपल्याजवळच्या माहितीत शोधते आणि शेवटी सगळी उत्तरं एकत्र येतात. पण शोधायला मेमरी लागते, आणि ती सगळ्यांमध्ये मिळून मोजकीच. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या ग्रुपचे प्रोजेक्ट तिच्यावरच चालायचे.

माझा ग्रुप एकट्याचा होता. जोडीदार कॉलेज सोडून गेला होता. माझा विषय जिल्ह्यातल्या विहिरींचा. गावोगावच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी पावसाच्या नोंदींशी जुळवायच्या आणि कोणत्या गावात पाणी आधी खाली जातं ते काढायचं. या एका क्वेरीच्या उत्तरावर माझा प्रोजेक्ट होता, आणि प्रोजेक्टवर वर्ष.

लॅबचा नियम साधा होता. जो आधी क्वेरी लावेल त्याला हवी तेवढी मेमरी. होस्टेलची मुलं लॅब उघडताच लावायची. मी हिंगणीच्या पुढच्या आमच्या गावाहून एसटीने निघायचो, सेलूला गाडी बदलायचो. पोचेपर्यंत मेमरी संपलेली असायची. माझी क्वेरी दिवसभर रांगेत उभी राहायची आणि लॅब बंद होताना आपोआप रद्द व्हायची.

सगळ्यात मोठी क्वेरी नागपूरच्या ग्रुपची. त्यांची म्होरकी एक मुलगी होती, जिभेने तिखट.

"यार, तू रोजच वेटिंगवर," ती म्हणायची. "रिझर्वेशन करून येत जा ना."

लॅबच्या सरांकडे गेलो तर ते म्हणाले, "क्वेरी बारीक कर." केली. नको ती वर्षं आधीच गाळली, नको ते रकाने काढले. तरी ती उपाशीच. पुढच्याने सगळं ताट ओढून घेतल्यावर मागच्याने आपली भूक कमी करून काय होणार?

मग एक दिवस सगळ्यांसमोर बोललो. "सर, क्वेरी बारीक झाली. आता नियम बदला."

"म्हणजे?"

"आमच्याकडे नहरीला, म्हणजे कालव्याला, पाणी सुटलं की पहिली पाळी टेलवाल्याची, ज्याचं शेत पार शेवटी त्याची. तोंडाशी असलेल्या हेडवाल्यांची गेटं तोवर बंद. नाहीतर शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचतच नाही. इथेही जो शेवटी येतो त्याची क्वेरी आधी घ्या."

लॅब हसली. सर चिडले. "ठीक आहे. सोमवारी तुझाच नियम लावतो. मग बघ."

सोमवारी मी पोचलो तेव्हा लॅब भरलेली होती आणि मशीन रिकाम्या. सगळे ग्रुप क्वेरी टाइप करून, एंटरवर बोट ठेवून बसलेले. कोणीच दाबत नव्हतं.

"ये भाऊ, ये," एक जण म्हणाला. "तुझीच वाट पाहून राह्यलो. आज आम्ही पण टेल."

मी माझी क्वेरी लावली. माझ्या मागोमाग सगळ्यांनी लावल्या. झालं, मीच सगळ्यात आधी आलेला ठरलो आणि माझी सुरू झालेली क्वेरी थांबून सगळ्यांच्या मागे गेली. त्या दिवसापासून माझं नाव 'नहर' पडलं. कँटीनमध्ये गेलो की, "काय बे नहर, सुटलं का पाणी?"

घरी आईने विचारलं, "काऊन रे, तोंड उतरून राह्यलं?"

सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "सराची माफी मागून घेजो. वर्ष वाया गेलं त काय करशीन?"

आई मात्र हसायला लागली. "आपलं वावर उचलता आलं असतं त तुह्या बाबानं कवाचंच हेडवर नेऊन ठेवलं असतं."

"अन् हेडवाल्यानं टेलवर आणलं असतं," बाबांनाही हसू आलं. "पयली पाळी भेटते म्हून!"

दोघं हसत होती. मी ताटावर बसून राहिलो. वावर जागचं हलत नाही म्हणून नहरीवर तो नियम चालतो. क्वेरी हलते. ज्याला पाहिजे तो टेल होऊ शकतो. म्हणजे आधी-नंतर हा हिशोबच काढून टाकायला पाहिजे होता.

मग नवा नियम मांडला. प्रत्येक ग्रुपचा मेमरीत एक वाटा. ग्रुप कधीही येवो, वाटा त्याचाच. तो आला नसेल तोवर इतरांनी खुशाल वापरावा, पण तो आला की परत द्यावा. देणाऱ्याची क्वेरी मारायची नाही, तिचे तुकडे थोडे थांबतील, एवढंच. हे सेटिंग त्या डेटाबेसमध्ये आधीपासूनच होतं. कोणी उघडलंच नव्हतं.

सरांनी ऐकून घेतलं नाही. "एकदा हसं झालं तेवढं पुरे. थोडी गावं घे, कोणाच्या लॅपटॉपवर चालव. वर मोठ्या अक्षरात जिल्हा लिही, खाली बारीक अक्षरात नमुना. तोंडी परीक्षेत कोणी खोदून विचारत नाही. नाहीतर वर्ष गेलं समज."

"नाही करणार, सर."

डोक्यात एकच होतं: थोडी गावं घ्यायची म्हणजे कोणती सोडायची? सोडलेली गावं म्हणजे पुन्हा आम्हीच.

रिपोर्टमध्ये निकालाच्या पानावर लिहिलं, "क्वेरी पूर्ण झाली नाही. मेमरी वाटून देण्याचा नियम लॅबमध्ये नाही." खाली माझी वाट्यांची मांडणी लिहिली. आणि तो सोमवारही लिहिला, एंटरवरच्या बोटांसकट.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या एक मॅडम आल्या होत्या. सोमवारचं पान वाचून त्या हसल्या. "म्हणजे सगळेच टेल झाले?"

"हो, मॅडम."

"मग हा नवा नियम तरी चालेल कशावरून?"

"लावून बघा, मॅडम. नाही चालला तर नापास करा. पण न लावता नापास करू नका."

सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडम म्हणाल्या, "निकाल राखून ठेवते. नियम लावून बघायला सांगते. त्या दिवशी तू मात्र लॅबमध्ये यायचं नाहीस. तू दिसलास की पोरं पुन्हा खेळ मांडतील."

घरी थांबलो. बाबा काही विचारत नव्हते, पण माझ्याकडे बघायचे तेव्हा ती न मागितलेली माफी त्यांच्या डोळ्यांत असायची. मला वाईट वाटायचं. तरी मागावीशी वाटली नाही.

एका संध्याकाळी बाजार करून सेलूच्या स्टँडवर घरी जायच्या गाडीची वाट बघत होतो तेव्हा फोन वाजला. नागपूरची ती म्होरकी.

"नहर, ऐक. आज तुझा नियम लावला होता. आम्ही लॅब उघडताच मुद्दाम सगळी मेमरी घेतली."

"मग?"

"मग काय यार! दुपारी सरांनी स्वतः तुझी क्वेरी लावली, तर आमची तिथल्या तिथे हळू झाली. लई शिव्या दिल्या तुला."

"मेली का तुमची?"

"नाही ना, तेच तर. उशिरा झाली, पण झाली. बाकीच्यांच्याही झाल्या. तुझी तर आमच्या आधी. पार शेवटच्या गावापर्यंत सगळ्या विहिरी आल्या." मागून गाडीचा हॉर्न वाजत होता. मी फोन कानाला दाबून धरला. "सरांनी मॅडमना कळवलं, त्यांचं उत्तरही आलं. पास झालास तू. आणि सर ते सेटिंग काढत नाहीयेत."