‘थांबा’ म्हणणारा हमाल

मला त्याचा हेवा वाटला, हे सरळच लिहितो. आदिलाबादच्या कापूस बाजारात तो भरल्या गाडीवर चढून पायांनी कापूस दाबत होता. मी खाली पत्रकं वाटत होतो. हमालांना विश्रांतीचा हक्क हवा, असं त्यांत ठळक छापलं होतं. एकाएकी तो मटकन बसला, दोर धरला आणि म्हणाला, "थांबा रे, फिरून राह्यलं." खालचे सगळे थांबले. कोणी हसलं नाही.

मलाही अशीच चक्कर येते; आजार कानाचा आहे. आधी शिट्टी वाजते, मग जमीन फिरते. दोन वर्षं मी तो आमच्या हमाल संघटनेत लपवला होता. कळलं तर भाषणं दुसऱ्याला देतील, ही भीती.

तो उतरल्यावर मी विचारलं, "मामा, हे बरं होते का?"

"नाही बापू. बारा वर्षं झाली. चकरा कमी झाल्या, पण हा कान गेला."

"मंग?"

"मंग काय? लोकं ह्या चांगल्या कानाच्या बाजूनं येऊन बोलतेत."

माझ्यासाठी बाजू बदलणारं कोणी नव्हतं, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी सभेत मी भाषणाआधी सगळ्यांसमोर, चक्कर येते हे सांगून, खुर्ची मागितली.