तीन अ‍ॅम्प आणि भानुमती रिसबूड

भानुमती रिसबूड रागीट आहे, हे दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आजूबाजूला तमिळ, बंगाली, पंजाबी बिऱ्हाडं, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत मुलीनं दोन भावगीतं म्हणावीत एवढीच घरच्यांची अपेक्षा. भानूनं गिटार घेतली, आणि तीही इलेक्ट्रिक. कॉलेजच्या बँडमधली मुलं म्हणाली, "यार, तू गा ना, गिटार आम्ही वाजवतो." त्यावर तिनं अ‍ॅम्पचं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि असा काही घाव घातला, की पुढचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. बँडमध्ये ती राहिली. त्या मुलांपैकी दोघे नंतर अमेरिकेला गेले, एक बँकेत लागला.

तिला वेड होतं हाय-गेन अ‍ॅम्पचं. गिटारच्या तारेतून निघणारा बारीकसा आवाज हा अ‍ॅम्प आतल्या आत पुन्हा पुन्हा फुगवतो, इतका, की शेवटी तो फाटतो. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये फाटूनही सूर शाबूत राहतो. वाईट अ‍ॅम्पमध्ये नुसता खरखराट उरतो. कॉलेजच्या दिवसांत दिल्लीत असे अ‍ॅम्प बघायलाही मिळत नसत. कुणाचा काका परदेशातून आणायचा, तर सगळे बँडवाले त्या घरी चहाला जाऊन बसायचे. मग आयात खुली झाली. गुडगावात शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मॉल आले, आणि दोन हजार तीनच्या सुमाराला मॉलमधल्या वाद्यांच्या दुकानात असे अ‍ॅम्प रांगेनं मांडून ठेवलेले दिसायला लागले. भानुमती तोवर एका टेलिकॉम कंपनीत नोकरीला होती, नवरा विनय सॉफ्टवेअरमध्ये, फ्लॅट गुडगावातच. आणि ती एका इंग्रजी संगीत मासिकात दरमहा लिहायची. वाद्यांबद्दल इतकं सडेतोड लिहिणारं त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पोरं तिचा शब्द प्रमाण मानायची.

त्या वर्षी संपादक मलिकनं तिला तीन नव्या अ‍ॅम्पची तुलना करायला सांगितली: हेल्मर, ऑर्डवेन आणि ग्रिमवॉल. भानुमतीनं सोसायटीच्या क्लबहाउसचा हॉल रविवारपुरता मागून घेतला आणि तिन्ही शेजारी शेजारी लावले. गिटार तीच, वायर तीच, स्पीकरही एकच.

हेल्मर जड आवाजाचा. खालची तार दाबून वाजवली की छातीवर थाप बसावी तसा यायचा, पण सुरावट वेगात गेली की सगळा चिखल. ऑर्डवेन स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. कितीही गेन वाढवा, इस्त्री केल्यासारखा. आणि ग्रिमवॉल! ग्रिमवॉल वाजवताना ती अक्षरशः मोठ्यानं हसली. पूर्ण कॉर्ड मारला तरी त्यातला एकेक सूर वेगळा ऐकू येत होता, आणि हात थांबला की आवाज दार आपटल्यासारखा तिथल्या तिथे बंद. दुपारी गुडगावची वीज गेली, जनरेटर सुरू झाला. हेल्मर गुरगुरायला लागला, ऑर्डवेनचा आवाज बसला. ग्रिमवॉल मात्र तसाच.

फक्त, बटण फिरवायला तिनं त्याच्या पुढच्या धातूच्या पट्टीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

पायात रबरी चपला होत्या म्हणून तेवढ्यावर भागलं. तिनं घरून टेस्टर आणला, पट्टीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. गिटारच्या तारेला टेकवला, तिथेही लागला. मागे वाकून पाहिलं, तर प्लग दोन पिनांचा. परदेशातल्या विजेवर चालणारा अ‍ॅम्प इथल्या विजेसाठी बदलताना आयातदारानं अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती, आतल्या आत कापून सोडून दिली होती.

तिनं लिहिलं, "आवाजात ग्रिमवॉलला तोड नाही. पण इथे विकला जाणारा ग्रिमवॉल धोक्याचा आहे. त्याला जोडलेल्या गिटारच्या तारांमध्ये करंट उतरतो. अर्थिंग करून मिळेपर्यंत कुणीही तो वापरू नये." हा परिच्छेद तिनं सगळ्यात वर घातला.

अंक आला. मुखपृष्ठावर ग्रिमवॉल, खाली ठळक अक्षरांत 'बाजी मारली'. आत तिचं नाव, तिचा फोटो, तिची वाक्यं. त्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य तेवढं ठेवलेलं, बाकीचा परिच्छेद गायब. मलपृष्ठावर ग्रिमवॉलच्या आयातदाराची पानभर जाहिरात.

तिनं ऑफिसातूनच मलिकला फोन लावला.

"जगह नहीं थी, भानुमती जी," मलिक म्हणाला. "आप तो जानती हैं, कहीं न कहीं तो काटना पड़ता है."

"काटना था तो मेरा फोटो काटते! करंट लगता है उसमें, किसी को कुछ हो गया तो?"

"अरे, अगले अंक में देख लेंगे. बिल्कुल."

तिनं ई-मेल केला, पुन्हा फोन केले. मलिक मीटिंगमध्ये असायचा. संध्याकाळी विनय म्हणाला, "भानू, सोड ना यार. तू तुझं काम केलंस." तिनं हातातली ताटली ओट्यावर इतक्या जोरात ठेवली, की विनय पुढचं वाक्य गिळून बाहेर गेला.

पुढचा अंक यायच्या आतच तिला फोन आला. बाईचा आवाज, मराठी.

"तुम्हीच का त्या मासिकात गिटारवर लिहिणाऱ्या रिसबूड? मंडळातून नंबर घेतला. मी वृंदा दामले, आर. के. पुरमहून बोलतेय. माझ्या मुलाला तुमच्या अ‍ॅम्पचा शॉक बसलाय. या आणि बघून जा."

भानुमती स्कूटर काढून निघाली. दामल्यांचं घर तिच्या माहेरच्या क्वार्टरसारखंच होतं: तीच हिरवी दारं, तीच सिमेंटची जाळी. अर्णव पलंगावर बसला होता. कॉलेजात शिकणारा, काटकुळा. डावा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये, ओठ भाजून काळा पडलेला. नोएडातल्या एका कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये डाव्या हातात तारा धरून तो गायला माइककडे वाकला होता. माइकला अर्थिंग होतं, गिटारला नव्हतं. त्याला हात सोडवताच येईना. ड्रमरनं लाथ मारून वायर उपटली म्हणून वाचला.

"डॉक्टर म्हणतात दोन बोटं नीट वळतील की नाही सांगता येत नाही," वृंदा म्हणाली. ती कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती, बोलणं शांत, शब्द तोलून. "यानं तो अ‍ॅम्प का आणला, विचारा त्याला."

अर्णव खाली बघत म्हणाला, "आपण लिहिलं होतं ना, बेस्ट आहे म्हणून."

"मी धोक्याचा आहे असंही लिहिलं होतं. त्यांनी ते काढलं. मला न विचारता काढलं."

"अच्छा," वृंदा म्हणाली. "आणि अंक आल्यावर तुम्ही काय केलंत?"

"फोन केले. मेल केला."

"कुणाला? त्या संपादकालाच ना?" वृंदाचा आवाज आता चढला. "वर नाव तुमचं होतं, बाई! माझ्या मुलानं मलिक-बिलिक कुणाचं नाव वाचलं नाही, तुमचं वाचलं! तुम्ही मॉलमध्ये जाऊन बोंब मारायला हवी होतीत. चहा देणार नाही मी तुम्हाला."

भानुमती खाली आली. स्कूटरला किल्ली लावली. बाईचा राग खरा होता. आणि तो खरा होता, याचाच भानुमतीला सगळ्यात जास्त राग आला.

शनिवारी दुपारी गुडगावच्या एका मॉलमध्ये ग्रिमवॉलचं प्रात्यक्षिक होतं. मधल्या मोकळ्या जागेत स्टेज, फुगे, बॅनरवर तिच्याच लेखातलं वाक्य: 'आवाजात तोड नाही'. पोरांची ही गर्दी. आयातदार सूद कोट घालून, मलिक पहिल्या रांगेत. सूदनं तिला ओळखलं आणि माइकवरून आनंदानं ओरडला, "देखिए कौन आया है! आइए मॅडम, दो शब्द!"

ती स्टेजवर चढली. पर्समधून टेस्टर काढला आणि अ‍ॅम्पला जोडलेल्या गिटारच्या तारेला टेकवला. लाल ठिपका पेटला. स्टेजवरचा कॅमेरा तिच्यावरच होता. मागच्या मोठ्या पडद्यावर तो ठिपका हाताएवढा दिसला.

"ये क्या तमाशा है," सूद हसत म्हणाला. "टेस्टर तो किसी भी चीज़ पे जल जाता है."

"ठीक है. तो आप एक हाथ से ये तार पकड़िए, और दूसरे से माइक."

सूद हसत राहिला.

"पकड़िए ना! आप ही का माल है. आर. के. पुरम के एक लड़के ने पकड़ा था, उसकी उँगलियाँ जल गईं. पकड़िए!"

ती गिटार लाकडाला धरून त्याच्या अंगावर नेत गेली आणि कोटातला तो माणूस एकेक पाऊल मागे सरत गेला, फुग्यांच्या कमानीपर्यंत. पुढच्या पोरांपैकी कुणीतरी ओरडलं, "पकड़ ना, अंकल!" मग सगळेच ओरडायला लागले. भानुमती मलिककडे वळली. "जगह नहीं थी ना आपके पास? यहाँ बहुत जगह है. आप पकड़िए!" मलिक मोबाइल कानाला लावून उठला आणि सरकत्या जिन्याच्या दिशेनं चालू पडला. तेवढ्यात कुणीतरी वीज बंद केली. सिक्युरिटीच्या दोन माणसांनी तिला दंडाला धरून पार्किंगपर्यंत नेलं. त्यांतला एक दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, सच में करंट था?"

मासिकानं तिचं सदर बंद केलं. खुलासा कधी छापला नाही. सूदनं विकलेले अ‍ॅम्प 'सर्व्हिसिंगसाठी' परत मागवले आणि तीन पिनांचा प्लग लावून, चकार शब्द न काढता परत दिले. म्हणजे पुढची पोरं वाचली. विनय म्हणाला, "जिंकलीस की." ती म्हणाली, "कुणी चूक कबूल केली का? मग कसली जिंकले?"

वृंदानं ग्राहक न्यायालयात तक्रार केली आणि साक्षीला भानुमतीचं नाव दिलं. विचारलं नाही, नुसतं कळवलं. तारखा पडत गेल्या. सूदचा वकील एकदा म्हणाला, मुलाचे हात ओले असतील. एकदा म्हणाला, या बाईंचा व्यावसायिक आकस आहे. भानुमतीनं प्रत्येक वेळी रजा काढली, प्रत्येक वेळी तेच सांगितलं, आणि दोनदा तिला आवाज खाली ठेवायला सांगण्यात आलं. अर्णवची बोटं अर्धीच वळायला लागली. त्यानं गिटार विकली नाही, पण हातातही घेतली नाही. साउंडचं शिकायला तो मुंबईला गेला.

काही वर्षांनी निकाल लागला तेव्हा मेट्रोचं काम आर. के. पुरमच्या बाजूला अजून पोचायचं होतं आणि सूदनं ती कंपनी बंद करून भावाच्या नावानं एसी विकायला घेतले होते. निकाल वृंदाच्या बाजूनं होता. दोष आयातदाराचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मासिकाबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

दोघी बाहेर पायऱ्यांवर आल्या. ऊन रणरणत होतं.

"मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाहीये," वृंदा पर्समध्ये कागद ठेवत म्हणाली.

"मी मागायला आलेही नव्हते," भानुमती म्हणाली. "मलिकचं नाव का नाही घातलं त्यांनी? वकिलाला विचारलंत का तुम्ही? त्याच्यावर वेगळी केस करता येईल."

वृंदानं तिच्याकडे नीट पाहिलं. "अजून राग गेला नाही तुमचा?"

"तुमचा गेला?"

"नाही."

"मग चला परत आत. वकील जेवायला जायच्या आधी गाठू."