एका भागात वाढलेलं पिल्लू

मालिकेतल्या अंतराळयानात एका माणसाची छाती आतून फाटली. बरगड्या मोडून, रक्ताने माखलेलं परग्रहावरचं पिल्लू बाहेर पडलं आणि जाहिराती संपेपर्यंत दारापेक्षा उंच झालं. मग ते एकेकाला भिंतीवर आपटून खाऊ लागलं.

माझे पती शाळेत जीवशास्त्र शिकवतात. "काहीतरीच! एवढं मांस आलं कुठून?" ते म्हणाले. "खाल्लं काय याने, हवा?"

"माणसं खातंय की."

"अगं, पण ते वाढल्यावर! वाढायच्या आधी काय खाल्लं?"

त्यांचं बरोबर होतं. वाढ आपोआप होत नाही, ती कुणाच्या तरी अंगातून ओरबाडून घ्यावी लागते. आमची मुलगी सातव्या महिन्यात माझं पोट कापून काढली, तेव्हा तिला नळीतून चमचाभर दूध देत. सकाळी वीस ग्रॅम वजन वाढलेलं कळलं की हे व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून येत. अकराव्या दिवशी ती गेली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं, त्यामुळे तिला नावही नव्हतं. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत. यांनीच खड्ड्यात माती लोटली.

पडद्यावर त्या प्राण्याला गोळ्या घातल्या. तो किंचाळला तसा यांनी आवाज बंद केला.

"अहो, तुम्ही नाव ठरवलं होतं का हो?" इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच विचारलं.

"मृण्मयी," ते म्हणाले. "तिच्या मानाने जरा मोठंच होतं. म्हटलं, वाढेल ती हळूहळू."