विझून राहिलेला तारा

आमच्या मामसासऱ्यांइतका रागीट माणूस गोंदिया जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांना राग आणण्यात माझ्याइतका तरबेज जावईही झाला नाही. मामाजींचं घर मुर्रीला, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त. पण जीव अडकलेला कुठे, तर कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडच्या एका लंबगोल दीर्घिकेत! तिथे म्हातारे तारे जोडीने राहतात. त्यातला मेलेला तारा जोडीदाराला ओरबाडून खातो आणि त्या झटापटीत क्ष-किरण बाहेर पडतात. अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले ते ठिपके संगणकावर उतरवून कोणता वाढला, कोणता मंदावला, हे मामाजी रोज सकाळी तपासत. मध्येच कुणी चहा नेला की खेकसत, "थांबा ना! इथं जोडपं भांडून राहिलं!"

गावाला एवढंच कळलं, की मास्तर एक्स-रे पाहतात. कामठ्याची एक बाई गुडघ्याची फिल्म घेऊन आली. मामाजी कडाडले, "बाई, हा तो एक्स-रे नाही होय! मी ताऱ्यायचा पाहतो!"

"मंग माह्या गुडघ्यानं काय पाप केलं?" बाई म्हणाली.

मामाजींनी तणतणत फिल्म खिडकीशी धरली. काही कळेना म्हणून आणखी चिडले आणि बाईला स्कूटरवर बसवून दवाखान्यात सोडून आले.

माझा गुन्हा मात्र अक्षम्य. मामाजींनी जन्मात एकच मराठी लेख लिहिला, आपल्या लाडक्या ठिपक्यावर. त्यात होतं, "हा तारा विझून राहिला आहे." म्हणजे विझत चाललाय, अजून आहे. मी पडलो पुण्यात शिकलेला दीडशहाणा! छापायला देताना परस्पर "विझला आहे" करून टाकलं. वर्षभरात तो ठिपका पुन्हा तेजाळला. लोक फिदीफिदी हसले, मास्तरांनी जिवंत तारा मारला म्हणे! हसणाऱ्यांचा मला संताप आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा. आणि मामाजी? बाहेर कुणाकडे माझं नावसुद्धा काढलं नाही. घरात मात्र दर सणाला ताटावर सुरू. "काऊन हात लावला तुमी? राहिला म्हंजे अजून आहे, एवढं समजत नाही? आग लागो तुमच्या पुण्याले! घ्या, वरण घ्या." मीही उलट चिडायचो. चुकलो म्हणायला जीभ मेली रेटायची नाही.

परवा भेटायला गेलो. आता त्यांच्या डोळ्यांनी दगा दिलाय, ठिपके दिसत नाहीत. संगणकावर फडकं टाकलेलं. "चुकलो मामाजी," एकदाचं म्हणालो. त्यांनी चाचपडत खुर्ची पुढे सरकवली. मग मी विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"विझून राहिलो, जवाई," म्हणाले, आणि एकदम जुना आवाज चढला, "अन् याच्यात दुरुस्ती केली तं याद राखा!"

नाही केली, मामाजी. एक अक्षर हलवलं नाही.