कमरेचा रिकामा होल्स्टर

माझे बाबा, विश्राम खानविलकर, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. मुंबईत लायसन्सचं रिव्हॉल्व्हर सदऱ्याखाली लावल्याशिवाय ते दूध आणायलाही जात नसत. त्यांनी आत टाकलेला एक गुंड सुटल्यावर फोनवर म्हणाला होता, "साहेब, भेटूच." जपानला माझ्याकडे येताना रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. त्याची पावती ते उशाशी ठेवतात.

काल दुपारी इथल्या ग्योतोकु स्टेशनबाहेर कुणीतरी त्यांच्या मागून धावत आलं. बाबा गर्रकन वळले, हात थेट सदऱ्याखाली! समोरची बाई किंचाळली. तिच्या हातात बाबांचाच पडलेला रुमाल होता. इथे पडलेली वस्तू लोक धावत आणून देतात. किंचाळी ऐकून आलेल्या चौकीतल्या तरुण पोलिसाने बाबांना सदरा वर करायला लावला. पट्ट्याला नुसता रिकामा होल्स्टर. मला फोन आला, मी पोचले आणि वाकून वाकून माफी मागितली.

घरी मात्र माझं डोकं फिरलं. "तो गुंड एवढ्या लांब येणारे का? काढा आधी तो होल्स्टर!"

बाबांनी खिडकीचा पडदा नीट ओढून घेतला.

"काढला असता गं. पण मग त्याला कळेल."

"काय कळेल?"

"माझ्याकडे काहीच नाही, हे."